आधी फेल करून दाखव!

ओपन सोर्सची इंटर्नशिप म्हणजे घरबसल्या डॉलर, असं तुम्हालाही वाटतंय? मग विरारच्या फुलपाड्यातल्या एका टेस्टरची ही गोष्ट वाचाच. फॉर्म भरायला तिला दोन रविवार लागले. खरा अर्ज मात्र पुढे महिनाभर चालला होता...

ऑक्टोबर २०२४. रात्रीचे पावणेदहा. अंधेरीहून आलेल्या विरार फास्टमधून माझी मावसबहीण उतरली ती थेट माणसांच्या लोंढ्यात. नवरात्र सुरू होतं, जीवदानीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती आणि पूर्वेला फुलपाड्याच्या शेअर रिक्षासाठी ही मोठ्ठी रांग. मला वाटलं, आता ही म्हणणार, 'ताई, जाम दमलेय, आधी वडापाव!' तर मॅडमचा पहिला प्रश्न, 'ताई, तुझ्या मोबाइलला रेंज आहे? हॉटस्पॉट दे ना. रिव्ह्यू आलाय का बघायचंय.'

रिव्ह्यू? कसला, सिनेमाचा? छे हो! तिनं आदल्या रात्री एका ओपन सोर्स प्रोजेक्टला कोडमधला छोटासा बदल पाठवला होता. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला एक अनोळखी माणूस तो तपासून 'चालेल' किंवा 'नाही चालणार' असं सांगणार होता. आणि त्या 'चालेल'वर बरंच काही अवलंबून होतं. नोकरी, फ्लॅटचा हप्ता आणि घरातली शांतता!

खरं सांगायचं तर मी तिच्याकडे गेले होते एका झकास, हलक्याफुलक्या लेखासाठी. 'बसा घरी, कमवा डॉलर' टाइप. कोडिंगचा आणि माझा छत्तीसचा आकडा. पण त्या महिनाभरात तिच्या बाजूला बसून जे पाहिलं, त्यानं माझा लेखच बदलून टाकला.

हा फंडा काय आहे?

आधी बेसिक. ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. लायसन्सच्या अटी पाळून तो कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातलं लिनक्स असो किंवा ऑफिसातला प्रत्येक डेव्हलपर दिवसभर वापरतो ते गिट, सगळी याच घराण्यातली मंडळी.

या दुनियेत नव्या माणसाला हात धरून आत नेणारे काही कार्यक्रम आहेत. बहिणीनं निवडला तो आउटरीची. त्याची मुळं २००६ मध्ये ग्नोम या प्रोजेक्टनं मुलींसाठी घेतलेल्या समर प्रोग्रामात आहेत. २०१० मध्ये तो नव्यानं सुरू झाला. २०१५ मध्ये आउटरीची हे नाव मिळालं आणि कारभार सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या ना-नफा संस्थेकडे गेला. आता तो फक्त मुलींसाठी नाही. आपापल्या देशाच्या टेक इंडस्ट्रीत ज्यांची माणसं कमी दिसतात, ज्यांच्या वाट्याला भेदभाव येतो, अशा सगळ्यांसाठी आहे. तीन महिने, घरून काम, आठवड्याला साधारण ३० तास, सोबत मेंटॉर. २०२४ च्या फेरीत स्टायपेंड होता ७००० डॉलर. तेव्हाच्या दरानं जवळजवळ पाच लाख नव्वद हजार रुपये! बहिणीच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त.

आता कळलं ना, हॉटस्पॉट का हवा होता ते?

निबंधात फुलपाडा

पहिली पायरी ऑगस्टमधली. एक फॉर्म आणि त्यात काही निबंधवजा प्रश्न. तुमच्या क्षेत्रात तुमच्यासारखे लोक कमी आहेत का? शिकताना, नोकरी करताना काय अनुभव आले?

तिचा पहिला ड्राफ्ट तिनं मला तपासायला दिला. 'लिहिणारी तू आहेस ना, ताई!' वाचला आणि कपाळाला हात लावला. 'मला तंत्रज्ञानाची लहानपणापासून अत्यंत आवड आहे' वगैरे. असली वाक्यं तर लग्नाच्या बायोडेटातही असतात! म्हटलं, यात तू कुठे आहेस?

मग एका रविवारी आम्ही पापडखिंड धरणाच्या बाजूला फिरायला गेलो आणि ती बोलत सुटली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मग बी.एस्सी. आयटी. प्लेसमेंटला आलेल्यांनी कॉलेजचं नाव ऐकून बायोडेटा बाजूला ठेवला तो दिवस. नोकरी लागली ती मॅन्युअल टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या स्क्रीनवर दिवसभर क्लिक करत चुका शोधायच्या. मीटिंगमध्ये पाच मुलगे आणि ही एकटी, तर मिनिट्स लिहायचं काम न विचारता हिच्याच गळ्यात. रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात. पायथन शिकली ती लेडीज डब्यात, उभ्यानं, मोबाइलवर.

'हेच लिही,' मी म्हटलं.

'यात रडगाणं नाही वाटणार?'

'घडलं तेवढंच लिहिलंस तर नाही वाटणार.'

तिनं तसंच लिहिलं. विशेषणं काढली, प्रसंग ठेवले. सप्टेंबरअखेर मेल आला, पहिला टप्पा पार!

पण त्याच फॉर्ममध्ये एक साधा दिसणारा प्रश्न होता, त्यानं घरात वादळ आणलं. इंटर्नशिपच्या काळात तुमची पूर्णवेळ नोकरी सुरू असेल का? असेल तर जमणार नाही. निवड झाली तर नोकरी सोडा, नाही तर बिनपगारी मोठी रजा मिळवा. रजेबद्दल ऑफिसात कानोसा घेतला, तर उत्तर आलं, 'बघू.' या 'बघू'चा अर्थ आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

काका रिटायर झालेले. फुलपाड्याच्या वन बीएचकेचा हप्ता तिच्या पगारातून जातो. काका ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, 'अगं, तीन महिन्यांनंतर काय?'

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

घर बदलणं आणि टेस्ट बदलणं

ऑक्टोबर म्हणजे कॉन्ट्रिब्युशनचा महिना. पहिला टप्पा पार केलेल्यांनी आपापला प्रोजेक्ट निवडायचा आणि त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. एकही कॉन्ट्रिब्युशन नसेल तर अंतिम अर्ज गणतीतच धरत नाहीत. बायोडेटा, मार्क्स, इंटरव्ह्यूतलं फाडफाड इंग्लिश, सगळं नंतर. आधी काम!

बहिणीनं निवडलेला विषय ऐकून मी जांभई दिली होती. टेस्ट मायग्रेशन. (प्रोजेक्टचं नाव छापायचं नाही, असं तिनं बजावलंय. 'ऑफिसात चर्चा नको.')

टेस्ट म्हणजे काय, तर कोड नीट चालतोय का हे तपासणारा छोटा कोड. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा हजारो टेस्ट असतात. कुणी काही बदललं की त्या धावतात आणि काही मोडलं असेल तर लाल दिवा लावतात. वर्षानुवर्षं त्या जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या असतात. मग कधीतरी नवी, सुटसुटीत पद्धत येते आणि जुन्या टेस्ट तिकडे हलवाव्या लागतात. हेच मायग्रेशन. घर बदलण्यासारखं. सामान तेच, घर नवं. आणि वाटेत एक कपही फुटता कामा नये.

सगळ्यांना पाहता येईल असं उदाहरण गिटचं. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये सुरू केलेल्या या प्रोजेक्टच्या बहुतेक टेस्ट शेल स्क्रिप्टमध्ये आहेत. सी भाषेतलं एखादं छोटं फंक्शन तपासायचं, तरी त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्राम लिहायचा आणि तो स्क्रिप्टमधून चालवायचा. म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप द्यायला पोस्टमन बोलावण्यासारखं! २०२४ च्या सुरुवातीला गिटमध्ये सी भाषेतच टेस्ट लिहिण्याची छोटी फ्रेमवर्क आली आणि जुन्या टेस्ट तिकडे हलवायचं काम निघालं. डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ च्या आउटरीची फेरीत हाच विषय होता, २०२४ च्या गूगल समर ऑफ कोडमध्येही हाच. त्याच वर्षी गिटनं क्लार नावाची फ्रेमवर्क घेतली आणि पुढच्या आउटरीची फेरीत टेस्ट पुन्हा तिकडे हलवायचं काम इंटर्नसाठी ठेवलं. थोडक्यात काय, घर बदलून झालं की परत घर बदलायचं!

आणि नवख्यांना सुरुवातीला काय देतात माहितीये? अगदी चिमुकलं काम. उदाहरणार्थ, 'फाइल आहे का' हे बघणारी जुनी ओळ काढायची आणि त्या जागी गिटचीच मदतनीस कमांड वापरायची. फरक काय? जुनी ओळ फेल झाली तर गप्प बसते. नवी सांगते, अमुक फाइल सापडली नाही. बस्स, एवढंच. पण तेवढ्यासाठीही बदल का केला हे नीट लिहायचं, रिव्ह्यू घ्यायचा, दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी. तुमचा एक ओळीचा बदल बघून मेंटॉरला कळतं की हा माणूस ऐकतो का, दुरुस्त करतो का, की मधेच गायब होतो.

मॅन्युअल टेस्टर म्हणून ज्या कामाला कुणी भाव दिला नाही, तो चिकटपणा इथे कामाला येत होता. जांभई देणारी मी हळूहळू खुर्ची पुढे सरकवून बसायला लागले.

हिरवा दिवा, पण खोटा

तिचा प्रोजेक्ट पायथनमधला. जुन्या टेस्ट युनिटटेस्ट पद्धतीच्या, त्या पायटेस्टमध्ये आणायच्या. रोज रात्री जेवण झालं की साडेदहा ते साडेबारा. केबलवाल्याचं नेट रुसलं की मोबाइलवर. पहिल्या बदलावर रिव्ह्यू आला, 'दोन वेगळ्या गोष्टी एकत्र पाठवल्या आहेस, वेगळ्या कर.' केल्या. दुसऱ्यावर आला, 'काय बदललंस ते कोडमध्ये दिसतंय. का बदललंस ते लिही.' लिहिलं. दसऱ्याच्या आसपास तिचा पहिला बदल प्रोजेक्टमध्ये सामील झाला. मग दुसरा. मावशीनं शेजारी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

आणि मग ती रात्र आली. दिवाळीच्या तोंडावर अंतिम अर्जाची मुदत होती. त्यात तीन महिन्यांचं वेळापत्रक द्यायचं होतं, कुठल्या आठवड्यात कुठल्या टेस्ट हलवणार वगैरे. त्याचा अंदाज घ्यायला तिनं आपल्याच जुन्या कामावर एक प्रयोग केला. मूळ कोड मुद्दाम बिघडवला. टेस्ट लाल व्हायला हवी होती.

झाली नाही. हिरवीच!

घोळ असा. जुन्या पद्धतीत 'हे आणि ते सारखं आहे का, तपास' असं सांगणारी खास कमांड असते. पायटेस्टमध्ये त्याजागी साधी तुलना लिहायची आणि तिच्या आधी 'असर्ट' हा शब्द टाकायचा. एका ओळीत तो शब्दच राहून गेला होता. पायथननं इमानदारीत तुलना केली आणि उत्तर फेकून दिलं. तपासलं काहीच नाही. टेस्ट धावत होती, हिरवी होत होती आणि काहीही राखत नव्हती. वॉचमन खुर्चीवर, डोळे उघडे, पण झोपलेला!

चूक रिव्ह्यू करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली होती. बदल सामील होऊन दहा दिवस झाले होते. कुणालाही काहीही कळलं नव्हतं.

'ताई, सांगू का नको?'

तिच्या चेहऱ्यावरचं टेन्शन आजही आठवतं. मुदतीला दोन दिवस. त्याच कामाच्या जोरावर अर्ज. आणि आपणच जाहीरपणे म्हणायचं की माझ्या कामात भोक आहे? गुपचूप राहिली असती तर कदाचित कधीच कळलं नसतं. माझ्यातली हुशार ताई जवळजवळ म्हणणारच होती, 'अर्ज जाऊ दे, मग सांग.'

तेवढ्यात काका आतून म्हणाले, 'तू ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेस ना?'

झालं! रात्री एकला तिनं लिहिलं. माझ्या अमुक बदलात अशी चूक राहिली आहे, ती अशी सापडली, ही दुरुस्ती. आणि आधीच्या बाकीच्या टेस्टही मी मुद्दाम फेल करून तपासल्या आहेत, त्या ठीक आहेत. सकाळी ट्रेनमध्ये उत्तर वाचलं. दोन ओळी. दुरुस्तीबद्दल थँक्स आणि अंतिम अर्जात ही तपासण्याची पद्धतही लिही.

तिनं वेळापत्रकात प्रत्येक आठवड्यापुढे एक ओळ जोडली. हलवलेली प्रत्येक टेस्ट आधी फेल करून दाखवणार, मगच पुढे जाणार.

आणि निकाल?

नोव्हेंबरच्या शेवटी मेल आला. निवड झाली नाही.

सॉरी! मलाही इथे पेढे हवे होते. पण त्या प्रोजेक्टला एकच इंटर्न घ्यायचा होता आणि दुसऱ्या कुणाचं काम जास्त होतं. ते काम उघडंच होतं, तिनं स्वतः जाऊन वाचलं. 'चांगलं आहे गं,' एवढंच म्हणाली आणि दोन दिवस कुणाशी फारसं बोलली नाही. नोकरी सोडायची वेळ आली नाही म्हणून घरात सुटकेचा निःश्वास होता, आणि तो निःश्वास तिला ऐकू येत होता. ते जास्त लागलं असावं.

मग मी इतके दिवस काय पाहिलं? मी समजत होते की अर्ज म्हणजे स्वतःला विकणं. चकचकीत शब्द, जोरदार फोटो, ओळखीपाळखी. इथे अर्ज म्हणजे महिनाभराचं काम होतं, सगळ्यांदेखत केलेलं, चुकांसकट. निवड झाली नाही तरी ते काम पुसलं जात नाही. तिचे तीन बदल त्या प्रोजेक्टच्या इतिहासात तिच्या नावानं आहेत. तिसरा म्हणजे ती दुरुस्ती. पुढच्या नोकरीसाठी कुणी विचारलं तर बायोडेट्यात लिंक द्यायची. कॉलेजचं नाव बघून कागद बाजूला ठेवणाऱ्यालाही ती उघडून बघता येते.

अर्थात हे फुकट नाही. महिनाभराच्या त्या रात्रींचे पैसे कुणी देत नाही. ज्याच्या घरी हप्ता आहे, लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, त्याला हा महिना काढणं जड जातं. दार उघडं असतं हे खरं, पण दारापर्यंतचं भाडं आपल्याच खिशातून. हे लपवून 'कुणीही करू शकतं' म्हणणं खोटं ठरेल.

बहीण अजून त्याच ऑफिसात आहे. पण आता तिच्या टीममध्ये कुणी डेव्हलपर ऐटीत म्हणाला की सगळ्या टेस्ट पास आहेत, तर ही शांतपणे म्हणते, 'आधी एक फेल करून दाखव.' मिनिट्स लिहायला सांगितलं तर म्हणते, 'आज तुझी पाळी.'

आणि काका? परवा रविवारी जेवताना त्यांनी विचारलं, 'ते तुझं नाव अजून आहे का तिथं?' तिनं मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजीतलं आडनाव बोटानं शोधलं आणि म्हणाले, 'परत कधी आहे फॉर्म?'

तुम्हालाही ट्राय मारायचाय?

● तासांचा हिशेब आधी. नोकरी सुरू ठेवायची असेल तर गूगल समर ऑफ कोड बघा. २००५ पासून चाललेल्या या कार्यक्रमात २०२२ पासून विद्यार्थीच असण्याची अट राहिली नाही. वय १८ पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असाल तर चालतं. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे. स्टायपेंड देशानुसार ठरतो.

● ऑफिसचं अपॉइंटमेंट लेटर वाचा. बाहेरचं काम, बाहेरचे पैसे आणि तुम्ही लिहिलेल्या कोडची मालकी याबद्दल काय लिहिलंय? २०२२ मध्ये विप्रोनं मूनलायटिंगवरून ३०० जणांना काढलं, तेव्हा कितीतरी जणांनी आपलं लेटर पहिल्यांदा उघडलं! गिटसारख्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक बदलाखाली सही करून सांगावं लागतं की हा कोड द्यायचा मला हक्क आहे.

● जवळचंही बघा. पवईला आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. शिक्षणात ओपन सोर्स वापरलं जावं म्हणून तो काम करतो आणि इंटर्नशिपही देतो. तिथेही आधी काम करून दाखवा, मग निवड. फॉस युनायटेडच्या भेटीगाठींना जा. तिथे 'मला काहीच येत नाही' म्हणणारे बरेच भेटतात, बरं वाटतं.

● पहिलं काम छोटंच घ्या. आधी प्रोजेक्टची नियमावली वाचा, मग त्यांच्या टेस्ट आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. तिथेच अर्धे लोक गळतात.

● निबंध एआयकडून लिहून घेऊ नका. तुमच्या लोकलमधल्या उभ्या प्रवासाचं त्याला काय माहीत?

● अडलात तर विचारा. पण आधी काय काय करून पाहिलं ते सांगून विचारा.

● तारखा दर फेरीला बदलतात. अधिकृत साइटवरच बघा. मित्राच्या फॉरवर्डवर विसंबलात, तर विरार फास्ट सुटली म्हणून समजा!